कोरियातली आंदोलनाची टांगती चित्रं: मोठं केलेलं पोस्टर की वेगळीच कला?

प्रश्न असा आला आहे: दक्षिण कोरियात १९८० च्या दशकात विद्यापीठांच्या इमारतींवर जी तीन-तीन मजली कापडी चित्रं टांगली गेली, ती म्हणजे फक्त मोठं केलेलं पोस्टर का? त्यांना ‘लोकांची कला’ म्हणतात ते चित्रात शेतकरी-कामगार दिसतात म्हणून का? आणि तासाभरात फ्लेक्स छापून मिळतो अशा काळात हे सगळं संपलं, असं समजायचं का?

मी नाटकाचे पडदे आणि मोर्चाचे कापडी फलक रंगवणारा माणूस. समीक्षक नाही. त्यामुळे उत्तर कापडाच्या बाजूने देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. पोस्टर भिंतीवर चिकटतं आणि जाणारा-येणारा एकेकटा ते वाचून पुढे जातो. कोरियन लोक ज्याला ‘कॉल्गे गुरिम’, टांगायचं चित्र, म्हणतात ते जमलेल्या माणसांसमोर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी उभं करायचं असतं. ते वर चढलं की सभा सुरू होते आणि उतरवून गुंडाळलं की माणसं पांगतात. खाली ढोल-झांजांचा फुंगमुल चालू असतो, मोकळ्या अंगणात नाटक चालू असतं, कुणी भाषण करत असतं. या सगळ्यासकट ते चित्र आहे. नुसतं चित्र कापून पुस्तकात छापलं की निम्मं हातात येतं. त्यामुळेच पुस्तकात पाहणाऱ्याला ते ढोबळ वाटतं.

ही पद्धत आंदोलकांनी हवेतून काढली नाही, ती देवळातून आली. कोरियातल्या बौद्ध मठांत ‘ग्वेबुल’ नावाची प्रचंड टांगती बुद्धचित्रं असतात, दहा मीटरहून उंच अशी कितीतरी. वर्षभर ती मुख्य देवळात, मूर्तीमागच्या लांबलचक लाकडी पेटीत गुंडाळून ठेवलेली असतात. मोठ्या विधीच्या दिवशी पेटी बाहेर निघते, अंगणातल्या दगडी खांबांच्या आधाराने उंच काठ्या उभ्या राहतात आणि चित्र वर चढतं. सतराव्या शतकापासून ही चित्रं भराभर तयार झाली. १५९२ ते १५९८ च्या जपानी आक्रमणात आणि नंतरच्या मांचू स्वाऱ्यांत माणसं इतकी मेली की त्यांच्या नावाने होणाऱ्या विधींना देवळाची खोली पुरेना. गर्दी बाहेर अंगणात आली, म्हणून बुद्धालाही बाहेर आणावं लागलं. माणसं जमली म्हणून चित्र मोठं झालं, हा क्रम नीट लक्षात ठेवा. आजही योंगसानजे नावाच्या विधीत असं चित्र टांगतात, आणि त्या विधीची २००९ साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली आहे.

दुसरं घराणं ‘काम्नोदो’चं, म्हणजे अमृताच्या थेंबाच्या चित्राचं. हे देवळाच्या आत, मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर लावायचं चित्र. वरच्या पट्टीत बुद्ध, मधे अन्नाची आरास आणि भुकेली भुतं, आणि खालच्या पट्टीत माणसांचं रोजचं जगणं आणि अवेळी मरणं: लढाईत, वाघाच्या तोंडी, पाण्यात बुडून, भिंतीखाली सापडून. शेजारीच बाजार भरलाय, डोंबारी कसरत करतोय. राजदरबारच्या चित्रकलेत ज्यांना जागा नव्हती ती माणसं इथे, मेलेली का होईना, रांगेने हजर आहेत. १९८० च्या दशकातल्या तरुण चित्रकारांना नेमकी हीच खालची पट्टी सापडली. ओ युन (१९४६–१९८६) यांनी १९८० साली बौद्ध नरकचित्राचा साचा घेऊन त्यात जाहिराती आणि बाजारपेठ भरली. ‘दुरोंग’ नावाच्या गटाने, किम बोंग-जून त्यातलेच, बौद्ध टांगती चित्रं, लोकचित्रं आणि भगतांची देवचित्रं यांचा अभ्यास करून रंग उचलले: निळा-हिरवा, लाल, पिवळा, पांढरा, काळा, सपाट लावलेले आणि काळ्या रेघेने बांधलेले.

हे सगळं कशामुळे, तर ग्वांगजूमुळे. १९७९ च्या डिसेंबरात चुन डू-ह्वान यांनी लष्करी बंड करून सत्तेची सूत्रं हातात घेतली. १८ मे १९८० ला ग्वांगजू शहरात विद्यार्थ्यांवर सैन्य सोडलं, शहर उठलं, आणि २७ मे रोजी उठाव चिरडला गेला. वर्तमानपत्रांत खरी बातमी येत नव्हती. मेलेल्यांचं उघड सुतक धरणंसुद्धा गुन्हा ठरत होतं. अशा वेळी अवेळी मेलेल्यांसाठीचं चित्र हा प्रकार तिथल्या चित्रकारांना जुना वाटला नाही, यात नवल नाही.

आता ज्या एका चित्रावरून बाकी सगळं समजतं त्याकडे येतो. १९८७ च्या जानेवारीत पोलिसांच्या छळात एक विद्यार्थी मेला आणि देश पेटत गेला. ९ जूनला सोलच्या योन्से विद्यापीठाच्या फाटकाशी ली हान-योल या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या डोक्याला मागून अश्रुधुराचं नळकांडं लागलं. एका मित्राने त्याला मागून काखेत हात घालून उचलून धरलं आहे, मान कलंडली आहे, चेहऱ्यावर रक्त ओघळतंय, अंगात योन्सेचं नाव असलेला शर्ट. रॉयटर्सच्या छायाचित्रकाराने टिपलेला हा फोटो जगभर गेला. छ्वे ब्योंग-सू यांनी त्यावरून लाकडी ठसा कोरला. कापडाच्या तुकड्यांवर तो छापून विद्यार्थ्यांनी छातीवर लावला. मग तेच चित्र दहा मीटर उंच, साडेसात मीटर रुंद कापडावर गेलं आणि विद्यार्थी संघाच्या इमारतीवर टांगलं गेलं. त्यावर शब्द होते: ‘हान-योलला जिवंत परत करा!’

छ्वे मुळात सुतार. शाळा अर्धवट सुटलेली, पडेल ते काम केलेलं. १९८६ साली सोलच्या जोंगनुंग भागात चित्रकार मित्र एका घराच्या भिंतीवर चित्र काढत होते, तिथे हा शिडी-परांचीच्या कामाला गेला आणि हातासरशी थोडं रंगवलंही. पोलिसांनी सगळ्यांना उचललं. कागदावर धंदा लिहायची वेळ आली तेव्हा ‘सुतार’ म्हणून सांगणाऱ्या या माणसापुढे त्यांनी ‘चित्रकार’ लिहून टाकलं. सरकारने आपल्याला चित्रकार केलं, असं ते नंतर हसत सांगत आले आहेत. मला ही गोष्ट गमतीपेक्षा कामाची वाटते. सुताराला माहीत असतं की मोठी वस्तू आधी उभी राहिली पाहिजे.

कारण उभी राहणं सोपं नाही. दहा बाय साडेसात म्हणजे पंचाहत्तर चौरस मीटर कापड. समोरून ताशी ३६ किलोमीटरचा वारा आला, आणि तो काही वादळी वारा नव्हे, तरी एवढ्या पृष्ठभागावर साडेचारशे किलोच्या घरात रेटा येतो. इमारतीला टेकवून लावलं तर वारा मागून शिरतो, कापडाचं पोट फुगतं आणि चेहरा नेमका पोटावर असला तर तो हसतोय की रडतोय तेच कळत नाही. म्हणून आम्ही खालच्या काठाला वजनाची काठी घालतो, मधे आडव्या दोऱ्या घेतो, आणि चित्रातल्या गडद भागात अर्धचंद्राकार चिरा पाडतो. वारा निघून जातो आणि खालून त्या दिसत नाहीत. कोरियातलं ‘ग्वांगमोक’ म्हणजे जाडंभरडं, न धुतलेलं सुती कापड, थेट आपलं मांजरपाट. त्याला आधी पातळ खळ किंवा पांढऱ्याचा हात द्यावा लागतो, नाहीतर रंग पितं. आणि रंग जाड लावून चालत नाही, गुंडाळलं की तडकतो. कापडाचा पन्हा कमी, म्हणून पट्टे जोडून शिवायचे. शिवण डोळ्यावरून जाणार नाही हे रंगवण्याआधी ठरवायचं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या मंडळींची टांगती चित्रं इतकी ठसठशीत दिसतात कारण बहुतेकजण लाकडी ठशावर हात बसलेले. ओ युन, ग्वांगजूचे चित्रकार होंग सोंग-दाम, छ्वे, दुरोंगवाले, सगळे कोरणारे. तीस सेंटीमीटरचा ठसा दहा मीटरवर नेला की तो तेहतीस पट होतो. तीन मिलिमीटरची कोरलेली रेघ दहा सेंटीमीटर रुंद होते आणि तिच्या दोन्ही कडा तशाच तुटक, करकरीत राहतात. पेन्सिलीने काढलेलं रेखाटन असं वाढवलं तर रेघेचा जीव जातो, मग माणूस घाबरून छटा भरायला लागतो आणि खालून पाहणाऱ्याला चिखल दिसतो. योन्सेच्या चित्रात छटा जवळपास नाहीच. काळी रेघ, मोकळं कापड, लाल रक्त. फोटोतली मागची सगळी गर्दी, धूर, रस्ता काढून टाकला आहे. दोन माणसं राहिली: एक ढळणारा आणि एक त्याला ढळू न देणारा. काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हा निर्णय चित्राचा जीव आहे, आणि तो निर्णय फोटो मोठा करून छापणाऱ्याला घ्यावाच लागत नाही.

टांगलं तेव्हा हान-योल बेशुद्ध होता, जिवंत होता. ‘परत करा’ ही मागणी होती. २९ जूनला सत्ताधारी पक्षाचे नेते रो ते-वू यांनी थेट अध्यक्षीय निवडणुकीची मागणी मान्य केली. ५ जुलैला हान-योल गेला. ९ जुलैच्या अंत्ययात्रेत सोलच्या सिटी हॉलसमोर दहा लाखांच्या आसपास माणसं होती असं सांगतात. त्याच चित्रावरचे तेच शब्द आता मागणी राहिले नव्हते, तो विलाप झाला होता. चित्रात एक रेघ बदलली नाही, समोरच्या माणसांच्या आयुष्यात बदल झाला आणि चित्राने तो सोसला. पोस्टरला हे जमत नाही, कारण ते बातमीबरोबर शिळं होतं. देवळातल्या टांगत्या चित्रांशी नातं आहे म्हणतो ते याच अर्थाने. विधी कुठला आहे त्याप्रमाणे चित्र काम करतं.

आता ‘लोकांची कला’. चित्रात मूठ वळलेला कामगार असला म्हणून ती लोकांची होत नाही. तसा कामगार सरकारी भित्तिचित्रांतही असतो. लोकांची होते ती करण्याच्या पद्धतीने. १९८३ साली ग्वांगजूच्या कॅथलिक केंद्रात होंग सोंग-दाम आणि सोबत्यांनी नागरिकांसाठी चित्रशाळा चालवली. गृहिणी, विद्यार्थी, कामगार येत आणि स्वतःच्या हाताने ठसे कोरत. ज्या शहराला तीन वर्षांपूर्वी काय झालं ते बोलायची बंदी, त्या शहरातल्या माणसांच्या हातात चाकू आणि लाकूड दिलं. ठसाच का? तो स्वस्त, पुन्हापुन्हा छापता येतो, आणि जप्त झाला तरी दुसरी प्रत कुणाच्या तरी घरी असते.

टांगत्या चित्रांचंही तसंच. मोठं कापड एकट्याने रंगवता येत नाही. चौकटी पाडल्या, कोळशाने आखलं, की रंग भरायला कुणीही हात लावू शकतो. कारखान्याच्या संपात जिथे मजूर बायकांनी स्वतः रंग भरला, तिथे आपल्या हाताची बाही, आपल्या यंत्राचं चाक बरोबर आहे की नाही हे त्या सांगत, आणि चित्रकाराला ऐकावं लागे. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांचं चित्र आहे त्यांना दुरुस्ती सांगायचा हक्क असणं.

सामूहिक कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९८९ चं ‘राष्ट्रीय मुक्ती चळवळीचा इतिहास’. अकरा भाग, एकत्र लांबी सत्त्याहत्तर मीटर, उंची २.६ मीटर. देशभरातल्या चित्रकार गटांनी वाटून घेतलं, सुमारे दोनशे जणांचे हात त्याला लागले. १८९४ च्या शेतकरी उठावापासून सुरू होऊन ते तेव्हाच्या एकीकरणाच्या चळवळीपर्यंत येतं. ते विद्यापीठांतून फिरवलं. जूनच्या अखेरीस सोलच्या हानयांग विद्यापीठात पोलीस घुसले आणि मूळ चित्र नष्ट झालं. त्याच्या स्लाइड उत्तर कोरियात प्योंगयांगच्या युवक महोत्सवाला पाठवल्या म्हणून जुलै अखेर होंग सोंग-दाम यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली पकडलं. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने त्यांना विवेकबंदी, म्हणजे केवळ मतांसाठी कोंडलेला माणूस, म्हणून जाहीर केलं. ते सुटले १९९२ साली.

स्पष्ट सांगायचं तर चित्र म्हणून ही सत्त्याहत्तर मीटर लांबी मला सगळीकडे पटत नाही. काही भाग जोमदार आहेत, काही ठिकाणी जागा भरायची म्हणून माणसं भरली आहेत, आणि शेवटाकडे झेंडे फार झाले आहेत. अनेक गटांनी वाटून घेतलेल्या कामात हे होणारच. पण सगळ्या गटांना एकाच शैलीत रंगवायला लावलं नाही, हा त्यांचा निर्णय मी योग्य मानतो. ग्वांगजूचा भाग ग्वांगजूकरांनी केला तो वेगळा ओळखू येतो.

टीका आणखीही आहे आणि ती बाहेरच्यांनी नाही, आतल्याच बायकांनी केली. या चित्रांत ‘जनता’ म्हणजे रुंद खांद्याचा पुरुष, आणि बाई म्हणजे आई किंवा जखमी देश. किम इन-सून आणि त्यांच्या सहकारी चित्रकर्तींनी वेगळे गट काढले, ‘स्त्री आणि वास्तव’ नावाने १९८७ पासून प्रदर्शनं भरवली, कामगार बायकांसाठी टांगती चित्रं केली. १९८८ च्या मार्चमध्ये आन्यांग शहरातल्या ग्रीनहिल कापड कारखान्याच्या वसतिगृहाला आग लागली. दार बाहेरून बंद होतं, बावीस मुली मेल्या. किम इन-सून यांनी त्यावर मोठं चित्र केलं आणि नावातच आकडा घातला. तेव्हाच्या बऱ्याच टांगत्या चित्रांत हुतात्म्यांचा एक ठरीव चेहरा असतो. इथे मेलेल्या कोण होत्या, कुठे कामाला होत्या, हे आधी येतं. माझ्या मते त्या दशकातल्या सगळ्यात कमी दाखवल्या जाणाऱ्या चांगल्या चित्रांपैकी हे एक.

अटका तर किती. १९८५ साली सोलमध्ये विशीतल्या चित्रकारांचं प्रदर्शन पोलिसांनी मोडलं, चित्रं जप्त केली. १९८७ साली ली सांग-हो आणि जोन जोंग-हो यांना एका टांगत्या चित्रासाठी सुरक्षा कायद्याखाली पकडलं. शिन हाक-चोल यांचं १९८७ चं ‘भातलावणी’ हे तर साधं तैलचित्र. त्यावरून १९८९ साली खटला सुरू झाला आणि १९९९ साली ते दोषी ठरले. २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं, तरी चित्र सरकारी वकिलांच्या ताब्यातच राहिलं. २०१८ साली ते राष्ट्रीय कलासंग्रहालयात ठेवायला पाठवलं गेलं, मालकाकडे नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, संपलं का. १९९४ साली राष्ट्रीय संग्रहालयाने या कलेच्या पंधरा वर्षांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा अनेक जण म्हणाले की हा अंत्यविधीच आहे. तक्रार समजण्यासारखी होती. वाऱ्यात फडफडायचं कापड दिव्याखाली ताणून बसवलं की त्याच्या चुका तेवढ्या दिसतात. शिवाय कोरियातही छापील फलक फार लवकर आले, आणि आता तिथल्या रस्त्यावरचे संपाचे फलक बहुतेक संगणकावर केलेले असतात. त्यात वाईट काही नाही. मागणी लिहायला छापील फलकच बरा, पावसात टिकतो.

पण गरज पडली की चित्र परत येतं. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल जहाज बुडालं, ३०४ माणसं गेली, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. त्याच वर्षी ग्वांगजू बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या, विसाव्या वर्षाच्या खास प्रदर्शनासाठी होंग सोंग-दाम यांनी सोबत्यांसह साडेदहा मीटर लांबीचं ‘सेवोल ओवोल’ (ओवोल म्हणजे मे महिना) केलं. त्यात १९८० चे नागरी सैनिक आणि आंदोलकांना भाताचे गोळे वाटणारी ग्वांगजूची बाई मिळून बुडालेलं जहाज वर उचलतात, आणि मुलं बाहेर येतात. एका कोपऱ्यात अध्यक्ष पार्क गन-हे यांना, मागून वडील, जुने लष्करशहा पार्क चुंग-ही, हलवत असलेलं, बुजगावणं केलं होतं. शहराने आक्षेप घेतला. होंग यांनी तिथे कोंबडी रंगवून दिली, तरी चित्र लागलं नाही. निषेध म्हणून आणखी काही चित्रकारांनी आपली चित्रं मागे घेतली, संयोजकाने राजीनामा दिला. २०१६ च्या नोव्हेंबरात महापौरांनीच सांगितलं की सांस्कृतिक मंत्रालयाकडून फोन आला होता. पार्क यांना पदावरून काढल्यावर २०१७ साली ते ग्वांगजूच्या संग्रहालयात लागलं.

गंमत अशी की त्या खास प्रदर्शनाचं नाव ‘गोड दवबिंदू’ होतं, काम्नोदोच्या नावातल्या त्याच अमृताच्या थेंबावरून घेतलेलं. अवेळी मेलेल्यांचं चित्र नेमकं त्याच नावाच्या प्रदर्शनातून बाहेर काढलं गेलं.

मला स्वतःला त्या चित्रातला अध्यक्षांचा कोपरा सगळ्यात कच्चा वाटतो. ते व्यंगचित्र आहे, रोजच्या वर्तमानपत्रात शोभणारं. जहाज उचलणारी बाई मात्र थेट काम्नोदोच्या खालच्या पट्टीतून आलेली आहे, फक्त इथे ती मेलेल्यांच्या रांगेत नाही.

तुम्ही पाहायला सुरुवात करणार असाल तर पुस्तकातल्या टांगत्या चित्रांपासून करू नका. आधी एखादं अठराव्या शतकातलं काम्नोदो मोठं करून पाहा, खालची पट्टी बोटाने एकेक माणूस मोजत. मग ओ युन यांचे ठसे पाहा. मग योन्सेच्या इमारतीवर टांगलेल्या चित्राचा तो फोटो शोधा, ज्यात खाली उभी असलेली माणसं दिसतात. कापलेला नको, पूर्ण फोटो हवा. आणि करून बघायचं असेल तर चार मीटरच्या पुढे जाऊ नका पहिल्यांदा. दोन माणसं, एक रेघ, एक रंग, आणि टांगायची जागा व वाऱ्याची दिशा आधी ठरवा. रंग नंतर.